बेणणीला मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी मागचा शाफ्ट बघा, मग बॉनेट

प्रश्न : आमची गुहागर तालुक्यात साडेनऊ एकर बाग आहे, हापूस जास्त, थोडी काजू, आणि बरीचशी उतारावर. पाऊस गेला की बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत काढायला, ग्रास कटरवाले गडी लावतो पण आता माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर पेट्रोल आपलं, मजुरी त्यांची, नखरेही त्यांचेच. गवत कमरेएवढं असतं. म्हणून मिनी ट्रॅक्टर आणि मागे स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार) असा विचार चाललाय. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी२४४१ बघितले, दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील. डीलर म्हणतो दोन्ही सारखेच, रंग आवडेल तो घ्या. चुलत भाऊ म्हणतो जॉन डिअर ३०२८ घे. काय करू?
— एक बागायतदार, गुहागर

उत्तर : रंगावर जाऊ नका हो. २४ एचपी हा आकडा इंजिनाचा आहे, आणि गवत कापतो तो मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा, तिथपर्यंत सगळी ताकद पोचत नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा छापलेला असतो तो आधी शोधा. जिवो २४५ चा पीटीओ एचपी २२ दिलाय, निओस्टार बी२४४१ चा सतरा-अठराच्या घरात. म्हणजे बॉनेटवर दोघं सारखे आणि स्लॅशर जोडला की चार-पाच एचपीचा फरक, आणि कमरेएवढ्या ओल्या-सुक्या गवतात हा फरक इंजिनाच्या आवाजातच कळतो. जिवोला दोनच सिलिंडर आहेत, त्यामुळे थरथर जास्त, पण खालच्या आरपीएमला दम चांगला. निओस्टार तीन सिलिंडरचा, चालवायला एकदम गुळगुळीत, कमी जागेत वळतो, वजनाला हलका. फवारणीला, आंतरमशागतीला मी डोळे मिटून तोच सांगितला असता. पण तुम्ही विचारताय बेणणीचं.

आता खरी गोष्ट. गवत कापताना पीटीओ पूर्ण ५४० आरपीएमला फिरायला हवा आणि ट्रॅक्टर मात्र मुंगीच्या चालीने जायला हवा, दाट गवतात ताशी दोन-तीन किलोमीटर, त्याहून जास्त नाही. थ्रॉटल कमी करून हळू जायचं म्हटलं तर पातीचा वेग पडतो आणि गवत कापायच्या ऐवजी झोपतं, मग दोन दिवसांनी परत उभं राहून तुमच्याकडे बघत बसतं. म्हणून डेमो घेताना रस्त्यावर टॉप गिअरला पळवून दाखवतात त्याकडे लक्षच देऊ नका, लो रेंजमधला पहिला आणि दुसरा गिअर पीटीओ फुल ठेवून किती हळू जातो ते बघा, आणि तेही तुमच्याच बागेत, तुमच्याच चढावर, स्लॅशर जोडून. शोरूमच्या अंगणात सगळेच ट्रॅक्टर चांगले असतात.

दुसरं, पीटीओला दोन स्पीड असतात. निओस्टारला ५४० आणि ९८०, जिवोला ६०५ आणि ७५०. स्लॅशर ५४० साठी बनवलेला असतो. चुकून वरच्या स्पीडला टाकलात तर गिअरबॉक्स आणि पाती दोन्हींचं काही खरं नाही, आणि पातं सुटलं तर ते कुणाच्या पायात जाईल सांगता येत नाही. जिवोवर ६०५ ला ठेवून थ्रॉटल थोडा मागे घेऊन ५४० वर आणला की काम भागतं. गडी बदलतात म्हणून त्या लिव्हरवर ऑइल पेंटने खूण करून ठेवा.

तिसरं कुणीच सांगत नाही ते. या वर्गात बऱ्याच मॉडेलांना सिंगल क्लच असतो, म्हणजे क्लच दाबला की गाडी आणि पीटीओ दोन्हींना इंजिनाची ताकद बंद. स्लॅशरची पाती जड, ती लगेच थांबत नाहीत, फिरतच राहतात आणि ती फिरणारी ताकद उलटी गिअरबॉक्समधून चाकाला येते. म्हणजे तुम्ही क्लच दाबून बसलाय आणि ट्रॅक्टर आपला पुढे सरकतोय, समोर गडगा (दगडी कुंपण) किंवा कलम. सपाटीवर छातीत धस्स होतं, उतारावर त्याहून वाईट होऊ शकतं. यावर इलाज सोपा, पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्यायचा, काही ठिकाणी त्याला फ्री व्हील म्हणतात, तो एकाच दिशेने ताकद जाऊ देतो. डीलरला सरळ विचारा की क्लच सिंगल का डबल, आणि सिंगल असेल तर हा बसवल्याशिवाय स्लॅशर जोडायचाच नाही.

वजनाचं पण बघा. साडेसहाशे किलोच्या आसपासचा ट्रॅक्टर आणि मागे दोन-अडीचशे किलोचा स्लॅशर लटकवला की चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नुसतं फिरतं. पुढे वजनं लावावीच लागतात. उतारावर आडवं चालवू नका, वर-खाली चालवा, स्लॅशर जमिनीलगत ठेवा, आणि चाकांमधली रुंदी बागेत मावेल तेवढी वाढवून घ्या. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारा मागचा लोखंडी रोल बार काढून ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, फांद्यांना अडकतो म्हणून. फोल्डिंगचा घ्या, कलमाखाली दुमडा आणि बाहेर आलात की उभा करा. उभा असताना सीट बेल्ट लावायचा, दुमडलेला असताना नाही.

आता तुमच्या भावाचं. ३०२८ चा पीटीओ एचपी जिवोच्या आसपासच पडतो, पण वजन टनाच्या वर आहे आणि अवजार उचलायची लिफ्ट ९१० किलोची, बाकी दोघांची ७५०. शिवाय आठ गिअर पुढे आणि आठच मागे. कलमाखाली बेणणी म्हणजे आत घुसा, मागे या, थोडं वळा, परत घुसा, दिवसभर हेच. तिथे हा रिव्हर्स जेवढा कामाला येतो तेवढा एखादा एचपी जास्त असून येत नाही. तुमची जुनी लागवड दहा बाय दहा मीटरवर असेल तर अंगाने मोठा ट्रॅक्टर सहज फिरतो, अरुंदपणासाठी पैसे मोजायची गरजच नाही. तेव्हा माझं मत: वाट रुंद असेल आणि सर्व्हिसचा माणूस चिपळूणहून का होईना दुसऱ्या दिवशी येत असेल तर ३०२८. वाट अरुंद, घन लागवड, गडग्यातून वळणं, असं असेल तर जिवो. निओस्टार बेणणीला नाही असं नाही, पण मग वर्षातून एकदा कमरेएवढं गवत मारण्यापेक्षा दोनदा, गुडघ्याएवढं असतानाच मारा.

स्लॅशर चार फुटी घ्या, पाच फुटीचा मोह नको. बघायचं एवढंच की तो मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं. आपल्याकडे गवतात जांभ्याचे दगड लपलेले असतात, म्हणून पाती बोल्टवर मागे वळणारी हवीत, कटिंग चार-पाच इंचावर ठेवा, मागे साखळ्यांचं गार्ड लावा, आणि चालू असताना शंभर-दीडशे फुटांत कोणी नको, कुत्रंसुद्धा. शिअर बोल्ट, म्हणजे दगड लागला की गिअरबॉक्स वाचवायला मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला की गडी हाताला लागेल तो कडक बोल्ट ठोकतात, मग पुढच्या दगडाला बोल्टऐवजी गिअरबॉक्स जातो. डब्यात योग्य ग्रेडचे बोल्ट भरून ठेवा.

अजून एक, रेडिएटरची जाळी. वाळलेल्या गवताचं बी आणि कुसळं तिथे चिकटतात आणि इंजिन तापतं. दर तासाला उतरून हाताने झाडा. सायलेन्सरजवळ साचलेला भुसापण काढत जा, उन्हाळ्यात बागेला वणवा लागायला तेवढं पुरतं.

आणि अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल फाडू नका, आधी घेऊन मग अनुदान असं होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुनं असेल तर बदलून मागा.

प्रश्न : निफाडला द्राक्षबाग आहे, ओळी नऊ फुटांवर. छाटणीच्या काड्या आणि ओळीतलं गवत एकदमच बारीक करायचंय. स्लॅशर घेऊ का मल्चर? ट्रॅक्टर २४ चा आहे.
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : ताई, काड्या आहेत म्हणजे मल्चरच. स्लॅशर गवत कापतो आणि पसरतो, काड्या नुसत्या तोडून फेकतो, त्या मग कुजत नाहीत आणि फवारणीला जाताना टायरखाली कडकड वाजत राहतात. मल्चरमध्ये आडव्या रोटरवर हातोडे असतात, ते काडीचा भुगा करून तिथेच टाकतात. पण तो ताकद खातो, म्हणून २४ वर चार फुटाच्या पुढे जाऊ नका, आणि साईड शिफ्टवालाच घ्या, वेलीच्या बुडाजवळ मशीन सरकवता येतं, ट्रॅक्टर मधोमधच राहतो. पुण्याजवळ रांजणगावला मास्कीओचा कारखाना आहे, राजकोटची शक्तिमान आहे, दोघांचे बघा आणि हातोडे तालुक्याला मिळतात का ते आधी विचारा. जाड ओलांडे (वेलीच्या जुन्या आडव्या फांद्या) मात्र आधी वेचून बाहेर काढा, मल्चर म्हणजे काही लाकूडतोड्या नाही.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये असतो, पाच एकर जागा घेतली, गवत आणि झुडपं माजलीत. इथले लोक सांगतात २५ एचपीच्या आतलाच ट्रॅक्टर घे. एवढ्या जागेला तो पुरेल का, आणि असं का सांगतात?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : तिथल्या धुराच्या नियमांमुळे. साधारण २५ एचपीच्या पुढच्या डिझेलला काजळीचे नियम कडक आहेत, त्यामुळे बऱ्याच मॉडेलांना फिल्टर लागतो, तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करत बसतो आणि जुना झाला की खर्चिक. म्हणून कंपन्या मुद्दाम २४ च्या घरात मॉडेल काढतात, जॉन डिअर १०२५आर २३.९, कुबोटा एल२५०१ २४.८. कागदावर जवळजवळ सारखे, पण एल२५०१ अंगाने आणि वजनाने बराच मोठा आहे. हिरवळ कापायची असती तर १०२५आर म्हटलं असतं, तुमच्या झुडपांना आणि मागच्या ब्रश हॉगला (तिकडचा स्लॅशरच तो) एल२५०१. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअरबॉक्स एखाद-दीड एचपी खातो पण पेडलवर पुढे-मागे करता येतं आणि पीटीओचा वेग तसाच राहतो, तेवढं द्यायला हरकत नाही. मी तरी देईन.

प्रश्न : घरामागे बारा गुंठे आहे, दोन-चार नारळ. मुलगा म्हणतो मिनी ट्रॅक्टर घेऊया.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुलाला ब्रश कटर घेऊन द्या. गॉगल आणि गुडघ्यापर्यंतचे बूट पण.