पुण्यात पाळीव प्राण्यांचे प्रोफेशनल फोटो काढायचं काम सुरू करायचं आहे. कॅमेरा कोणता घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जुना डीएसएलआर आणि ५० एमएमची लेन्स आहे, सोसायटीतल्या कुत्र्यांचे फोटो काढून झालेत, लोक कौतुक करतात आणि आता त्याचे पैसे मागावेत असं वाटतंय. मी पुण्यात हेच काम पोटापाण्यासाठी करतो. कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकू. आहे तोच वापरा. मिररलेस (म्हणजे आत आरसा नसलेले, नव्या धाटणीचे) कॅमेरे प्राण्याचा डोळा आपोआप पकडतात, सोनीने ही सोय २०१९ मध्ये आणली, आणि पळत्या कुत्र्याला तिचा खरंच उपयोग होतो. बसलेल्या कुत्र्याचा डोळा तुम्हालाही सापडेल. पुढची लेन्स घ्यायची तर ८५ एमएम किंवा ७०-२०० एमएमची, तीही आधी भाड्याने आणून बघा. वाइड लेन्सने जवळून काढलं की नाक बटाट्याएवढं होतं आणि कान गायब. मोबाइलवर हसायला ठीक, पण फ्रेम करून भिंतीवर कोणी लावत नाही.

आता खरं काम. कुत्र्याला एका जागी बसवणं फार अवघड नाही, त्याच्या घरच्यांना गप्प बसवणं अवघड आहे. कॅमेरा डोळ्याला लावला रे लावला की आई, बाबा, आजी, शेजारची मुलगी सगळे एकदम सुरू होतात, "ब्रूनो, इकडे बघ! ब्रूनो, काकांकडे बघ!" काका कोण हे ब्रूनोला ठाऊक नसतं. चार-सहा हाकांनंतर स्वतःच्या नावाकडेही तो लक्ष देत नाही, मग जांभई देतो, आणि घरचे म्हणतात, "बघा, झोप आली त्याला." झोप कसली? जांभई, सारखे ओठ चाटणं, कान मागे टाकणं, मान वळवून डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवणं, यातलं काहीही दिसलं की ते जनावर अवघडलंय असं समजून कॅमेरा खाली ठेवायचा.

मी घरी गेलो की बॅग उघडी टाकतो आणि जमिनीवर बसतो. चहा घेतो, गप्पा मारतो, कुत्र्याकडे मुद्दाम बघत नाही. त्याला बॅग हुंगू दे, लेन्सचं झाकण चाटू दे. तेवढ्या वेळात मी घरातल्या माणसांकडे लक्ष ठेवून असतो, कारण मला एकच माणूस हवा असतो: रोज त्याला खायला घालणारा. ज्यांनी फोन करून बोलावलेलं असतं ते बहुतेक वेळा हे नसतात. कधी आजोबा निघतात, कधी स्वयंपाकाच्या मावशी. त्या माणसाला माझ्या खांद्यामागे उभं करायचं, मुठीत खाऊ द्यायचा आणि बोलायचं नाही असं बजावायचं. बाकीच्यांना आत पाठवायचं. हे सांगताना चेहरा गोड ठेवा, पैसे तेच देणार आहेत.

आवाज करायचा तर एकदाच, आणि सगळी तयारी झाल्यावर. खेळण्यातली शिट्टी काढून मी तोंडात धरतो. पहिल्या वेळी कान उभे राहतात, मान तिरकी होते, आणि तोच फोटो लोक विकत घेतात. तिसऱ्या वेळी त्याला त्या शिट्टीचं काहीही वाटत नाही. चेंडू वापरणार असाल तर निळा किंवा पिवळा आणा. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यामुळे गवतातला लाल चेंडू आपल्याला उठून दिसला तरी त्याला शोधावा लागतो.

तांत्रिक भाग थोडक्यात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे तुम्ही पालथे. शटरचा वेग बसलेल्यासाठी १/२५० सेकंद, पळणाऱ्यासाठी १/१००० किंवा त्याहून जलद. समोरून थेट फ्लॅश नको, डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा थर प्रकाश परत फेकतो आणि डोळे हिरवे-पिवळे चमकतात. काळ्या लॅब्रॅडॉरला कॅमेरा आपण होऊन उजळ करून राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं कमी करा आणि उजेड बाजूने घ्या, म्हणजे केसांची चकाकी येते. पांढऱ्या पॉमेरेनियनला उलट एक्स्पोजर थोडं वाढवा. पट्टा कधीच काढू नका. कॅमेरा न हलवता त्याच जागेचा एक रिकामा फोटो घेऊन ठेवा, नंतर पट्टा पुसणं सोपं जातं.

मांजर असेल तर तिच्याच घरी जा. पिंजऱ्यातून स्टुडिओत आणलेली मांजर बराच वेळ टेबलाखाली काढते आणि तुमचं भाडं चालू राहतं.

जागेचं म्हणाल तर महापालिकेच्या बहुतेक बागांत कुत्र्यांना प्रवेश नसतो; गेटवरची पाटी वाचूनच आत शिरा (पुण्यात हे वेगळं सांगायला नको). वेताळ टेकडी सकाळी लवकर चांगली. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, हवा गार असते, कुत्रं धापा टाकत नाही, तोंड मिटलेलं मिळतं. एप्रिलमध्ये आठनंतर प्रत्येक फोटोत हातभर जीभ. जुलैपासून टेकडी हिरवी होते, तेव्हा रविवार सोडून जा. मोर दिसला तरी ब्रूनोचा पट्टा हातातच ठेवा.

फक्त कुत्र्या-मांजरांवर थांबू नका. शहराबाहेर मावळ, मुळशी, जुन्नरकडे बैलांचे फोटो काढून घेणारे लोक आहेत, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून शर्यतीच्या बैलांचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत पोळा श्रावणात नसून भाद्रपदाच्या अमावास्येला असतो, तारीख गावात विचारून घ्या. तिथे तुमची कला जरा बाजूला ठेवा. डोळ्याचा क्लोजअप, अंधुक पार्श्वभूमी वगैरे दाखवलंत तर मालक विचारेल, "बैल कुठाय?" त्याला शिंगाच्या टोकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत अख्खा बैल हवा, आडवा, चारही पाय सुटे दिसणारा, वशिंड उठून आलेलं. मला सुरुवातीला ही हौस कमी प्रतीची वाटायची. आता वाटतं, जनावर पारखणाऱ्याची नजर आपल्यापेक्षा पक्की असते. कासरा मालकाच्याच हातात राहू दे, आणि बैलाच्या अगदी समोर किंवा मागे उभे राहू नका.

एक फोन तुम्हालाही येईल. कुत्रं बारा-तेरा वर्षांचं आहे, डॉक्टरांनी फार आशा दिलेली नाही, फोटो काढाल का. असा फोन आला की पुढच्या रविवारची वेळ देऊ नका, उद्याच जा. त्याला उठवू नका, सजवू नका, त्याच्या रोजच्या गोधडीवर खिडकीच्या उजेडात काढा. इथे मी घरच्यांना गप्प करत नाही. ज्याच्या मांडीवर ते डोकं ठेवतं त्याचा हात फ्रेममध्ये येऊ देतो, कारण नंतर मोठा प्रिंट त्याच फोटोचा मागतात.

पैशांबद्दल: फोटो काढायला येण्याची फी वेगळी, प्रिंटचे पैसे वेगळे, निम्मे आगाऊ. आणि एक पानाचा का होईना, लेखी करार करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो. म्हणजे तुम्हीच काढलेला फोटो तुमच्या जाहिरातीत वापरायचा तर ते आधी लिहून घ्यायला हवं. कुत्रं चावलं किंवा पळालं तर जबाबदारी कुणाची, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

काही कामं सरळ नाकारायची. पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाचा किंवा काचेच्या पेटीतल्या तारा कासवाचा फोटो काढून द्या म्हणून कौतुकाने बोलावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे दोन्ही पाळणंच गुन्हा आहे, आणि तुम्ही स्वतःचं नाव घालून त्या गुन्ह्याचा पुरावा तयार करत असता. जाहिरातीच्या फिल्मसाठी किंवा मालिकेसाठी कुणी जनावर घेऊन या म्हणालं, तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची परवानगी आधी काढावी लागते. निर्माता "ते आम्ही बघतो" म्हणेल. कागद डोळ्यांनी बघा, मग तारीख द्या.