मस्कटीनमध्ये जीव रमत नाही?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांची नोकरी ऑफिस फर्निचरच्या कंपनीत, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं हे गाव जेमतेम 24 हजार वस्तीचं, मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून दर शनिवारी शिकागो गाठायचं. आणि आठ वर्षांची लेक विचारते, "आई, आपल्या गावात काहीच नाही का गं?"

ताई, आधी ही दर आठवड्याची धावपळ थांबवा. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत गेले, तर पोरीला गाव कळणार कधी? महिन्यातून एकदा जा, वाणसामान भरा, माणसांना भेटा. बाकीचे शनिवार मस्कटीनला द्या.

सुरुवात बटणांच्या संग्रहालयापासून करा. जॉन बेपल नावाचा जर्मन कारागीर 1891 मध्ये इथे आला आणि मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करू लागला. 1905 मध्ये या एवढ्याशा गावातून दीड अब्ज बटणं निघाली. शिंपले भिजवायचे, गोल करवतीने त्यांतून चकत्या काढायच्या, घासायच्या, भोकं पाडायची. तिथला एखादा कापलेला शिंपला लेकीला दाखवा. ओळीने गोल भोकं पडलेली, आणि काठाशी अजून मोत्यासारखी चमक. असं काही बघितलं की मूल आपणहून प्रश्न विचारायला लागतं.

पुढे नदीतले शिंपले आटले, प्लास्टिक आलं, धंदा बसला. गाव मात्र बसलं नाही. हाइन्झचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. मक्यावर प्रक्रिया करणारी ग्रेन प्रोसेसिंग कॉर्पोरेशन 1943 ची, आणि फर्निचरची हॉन कंपनी 1944 ची. म्हणजे बाबा ज्या धंद्यात आहेत, तो या गावाच्या गोष्टीतलाच एक भाग आहे. ते दिवसभर नेमकं काय करतात, हे लेकीला कधी नीट सांगितलंय का? सांगायला लावा.

शाळेत ती वेगळी दिसते, ही तुमची काळजी मला कळते. तिला सुझन क्लार्कची गोष्ट सांगा. ही कृष्णवर्णीय मुलगी याच गावची. तिला गोऱ्या मुलांच्या शाळेत घेईनात, तेव्हा वडील अलेक्झांडर क्लार्क कोर्टात गेले आणि 1868 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

आणि शेजारच्या आजींकडे एकदा चहाला जा. पूर्वी इथल्या बायका-पोरं घरी बसून पुठ्ठ्यांवर बटणं शिवायची. त्यांच्या घरात कुणी हे काम केलंय का, एवढंच विचारा. हो म्हणाल्या, तर लवकर उठू नका.