फिट्स येणाऱ्या माणसाला चेहरे आठवत नाहीत पण ऐकलेलं सगळं आठवतं, असं कसं?

भावाला फिट्स येतात, ओळखीचे चेहरे आणि रस्ते विसरतो पण ऐकलेलं शब्दन् शब्द सांगतो, मग नाटक करतोय का, असं तुम्ही विचारलंय. नाटक नाही हो. मी त्यातलाच, बारा वर्षं गोळ्या चालू आहेत. लग्नकार्यात कोणी "काय, ओळखलंस का?" म्हणत समोर आलं की मला घाम फुटतो, आणि तोच माणूस दोन वाक्यं बोलला की आवाजावरून लगेच कळतं, अरे हे तर आत्याचे दीर.

माझ्या एमआरआयमध्ये उजवीकडचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला निघाला. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा टेम्पोरल लोब नावाचा भाग असतो त्यात खोल हा बसलेला, दोन्हीकडे एकेक. नवीन आठवण पक्की करायचं काम याचं, आणि मोठ्या माणसांच्या फिट्स बऱ्याचदा नेमक्या इथूनच सुरू होतात, म्हणजे कोठारातच शॉर्टसर्किट. ढोबळमानाने डावी बाजू शब्दांची, उजवी चेहरे-आकार-जागांची. पण उजवीचं गणित डावीइतकं नीट जुळत नाही, का ते माझ्याच टेस्टमध्ये दिसलं.

सायकॉलॉजिस्ट मॅडमनी रेघांचं एक गिचमिड चित्र समोर ठेवलं, बघून काढा म्हणाल्या. आंद्रे रे या स्विस माणसाने १९४१ मध्ये आणलेली टेस्ट, ३६ मार्कांची. बघून काढलं ते झकास. मग चित्र समोरून उचललं, इकडचं तिकडचं विचारत बसल्या आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, आता न बघता तेच काढा. मी चौकट काढली आणि पुढे सगळं कोरं. आठवला फक्त एक गोल, कारण त्यात तीन ठिपके होते आणि पहिल्यांदा काढताना मी मनात म्हटलं होतं, हा नारळ! ज्याला नाव दिलं तेवढंच टिकलं, कारण नाव म्हणजे शब्द आणि माझी शब्दांची बाजू ठणठणीत आहे. सगळ्याच रेघांना नावं दिली असती तर टेस्ट कदाचित फसली असती.

हे सगळं कळलं तेही आपल्यासारख्या पेशंटमुळेच. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या माणसाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून स्कोव्हिल नावाच्या सर्जनने दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या पण नवीन काही लक्षात राहीना, ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि दर वेळी त्या त्याला नव्याच. आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर मात्र हात बसत गेला, फक्त हे आपण आधी केलंय हे त्याला आठवायचं नाही.

आणि २००५ चं तर भारीच. फिट कुठून सुरू होते ते शोधायला डोक्यात बारीक तारा घातलेल्या पेशंटना फोटो दाखवले, तर एकाची मेंदूतली एक पेशी हॉलिवूडची नटी जेनिफर अॅनिस्टनच्या वेगवेगळ्या फोटोंना पेटायची, आणि ती नट ब्रॅड पिटबरोबर दिसली की गप्प! ही पेशी होती डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, त्यामुळे डावं-उजवं फार ताणू नका.

भावाची न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट करून घ्या, ऑपरेशनचा विषय निघाला तर ती लागतेच. कुठली गोळी चालू आहे तेही डॉक्टरांना विचारा, टोपिरामेटसारख्या गोळीने उलट शब्द अडकतात. आणि त्याला नावं ठेवायची सवय लावा, चांगल्या अर्थाने, म्हणजे जोड-भुवईवाले काका, पंक्चरवाल्यापाशी वळण, असं. मोठ्याने म्हणायचं. माझं यावरच चाललंय.

गोळ्या मात्र मनाने कमी करू देऊ नका. डोकं जड वाटतं म्हणून मी एकदा बंद केल्या, तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर पडलो, शुद्धीवर आलो तर कोणीतरी नाकाला कांदा धरलेला.