पेठांचा इतिहास शिकवायचा तर हौदापासून सुरुवात करावी

आपण विचारले आहे की, पुण्यातील शाळेत दहावीच्या वर्गाला ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हा पाठ कसा शिकवावा. सहलीला शनिवारवाड्यात नेले तर मुले तट आणि हिरवळ पाहून परततात. ज्या पेठांत ती राहतात तेथले वाडे तर एकेक करून पाडले जात आहेत, मग जतन करायचे ते नेमके कशाचे, असे मुलेच विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि पाठाची सुरुवात त्या प्रश्नापासूनच व्हावी, असे माझे मत आहे.

शनिवारवाडा वगळा, असे मी म्हणणार नाही. १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आत मुख्यतः इमारतींची जोती, म्हणजे दगडी चौथरेच उरले. त्यामुळे पाहण्यासारखे जे आहे ते तटात आहे. तटाचा खालचा भाग दगडी असून वरचा विटांचा आहे. दगडी तट बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि पुढचे काम विटांत झाले, ही गोष्ट तेथे हमखास ऐकायला मिळते. ती सांगून थांबू नये. ही गोष्ट खरी ठरवायची तर कोणता कागद सापडायला हवा आणि तो कोठे शोधायचा, हे मुलांना विचारावे. पेशवे दप्तराचे मोडी लिपीतील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यातल्याच पुराभिलेखागारात आहेत, हे बहुतेक मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. जवळचा लाल महाल महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेला आहे, हेही स्पष्ट सांगावे. मूळ वास्तू आणि स्मारक म्हणून नव्याने उभारलेली वास्तू यांतला फरक दहावीच्या मुलांना व्यवस्थित समजतो.

मात्र शहर समजून घ्यायचे असेल तर पाण्याच्या मागे जावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून दगड, विटा आणि चुन्याच्या भुयारी नळाने पाणी पेठांत आणले गेले. पंप नाही, चाक नाही. सारे काम जमिनीच्या उतारावर. नळ साफ करता यावा आणि आत हवा खेळती राहावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. शहरात हे पाणी हौदांत पडे आणि लोक ते तेथून भरून नेत. पुढे खडकवासल्याचे धरण झाले, नळाचे पाणी घरोघर पोचू लागले आणि हौदांची निगराणी हळूहळू थांबली. काही हौद बुजले, काही इमारतींखाली गेले, तरी काळा हौद, बदामी हौद ही नावे पत्त्यांत टिकली. शहराच्या नकाशावर कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंतची वाट मुलांकडून काढून घ्यावी. इतिहास, भूगोल आणि विज्ञान हे तिन्ही विषय त्या एका रेघेवर येतात.

याच ठिकाणी एक प्रश्न विचारायलाच हवा: हौदावर पाणी भरायला कोणाला मज्जाव होता? जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. कात्रजच्या नळाचे कौतुक करून झाल्यावर लगेच मुलांना गंज पेठेत समताभूमीला, म्हणजे फुल्यांच्या याच घरी न्यावे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. स्थापत्याचे कौशल्य आणि समाजाचा अन्याय एकाच दिवशी पाहिले की, वारसा म्हणजे फक्त अभिमानाची यादी नव्हे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

आता वाड्यांविषयी. वाडा कसा उभा राहतो हे कळल्याशिवाय तो का पडतो, हे कळत नाही. गिलावा निखळलेली एखादी भिंत दाखवावी. दगडी जोत्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया. भार पेलतो तो हा लाकडी सांगाडा, आणि मधल्या जागा पातळ विटांनी किंवा मातीच्या भेंड्यांनी, म्हणजे न भाजलेल्या विटांनी, भरलेल्या असतात. कौले सरकली आणि वेळेवर फेरली नाहीत की पाणी भिंतीत शिरते, तेथे रुतलेले तुळईचे टोक कुजते आणि एक दिवस अख्खा खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खाली बसतो. त्यावर वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि नुकसान वाढते. म्हणून जुन्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच करावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरे इतक्या मोठ्या संख्येने का कोसळली, याचे उत्तरही बऱ्याच अंशी या मातीच्या भिंतींत आहे.

पण कौले फेरायची कोणी? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला येणाऱ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि खोली आपली नाही म्हणून भाडेकरू खर्च करेना. मालकाला लोभी आणि भाडेकरूला अडेल ठरवणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे, कारण याच कायद्यामुळे अल्प मिळकतीची कितीतरी कुटुंबे शहराच्या मध्यभागी राहू शकली. दुसरा पेच शनिवारवाड्याभोवती आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. स्मारक जपण्यासाठी केलेल्या नियमामुळे त्याच्या शेजारच्या जुन्या घरांची पुनर्बांधणी अडून राहते. वर्गात मालक, भाडेकरू, पुरातत्त्व खाते आणि महापालिका अशा चार बाजू वाटून द्याव्यात आणि प्रत्येक बाजूने आपली अडचण मांडावी. भिडेवाड्याचे उदाहरणही घ्यावे. १८४८ साली फुल्यांनी जेथे मुलींची शाळा सुरू केली, तो वाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, कारण तेथे स्मारक व्हायचे होते. मूळ वास्तू जायला हवी होती का, यावर मुलांना लिहू द्यावे. मला स्वतःला ती अधिक आधी, दुरुस्त होण्याजोगी असतानाच हाती यायला हवी होती असे वाटते, पण माझे मत मुलांवर लादू नये.

प्रकल्पासाठी वर्गाच्या ओळखीतला एकच वाडा निवडावा. त्याचा तळमजला टेपने मोजून आराखड्यावर उतरवावा: दिंडी, चौक, ओसरी, माजघर, विहीर असेल तर विहीर. प्रत्येक खोलीत कोण कधीपासून राहते आणि पूर्वी कोण राहत असे, हे तेथल्या वयस्कर माणसांना विचारून लिहावे. स्वयंपाक कोठे होई, पाणी कोठून येई, बाळंतपणे कोणत्या खोलीत झाली, हे प्रश्न विसरू नयेत. पाडकाम झाल्यावर शहराजवळ उरते ते एवढेच, आणि व्यवस्थित केलेला असा आराखडा पुढच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतो. मोजणीला मालक आणि भाडेकरू दोघांचीही लेखी संमती आधी घ्यावी, कारण दावा चालू असलेल्या घरात टेप घेऊन गेलेली मुले कोणाच्या तरी बाजूची समजली जातात. जिने आणि माडी बाहेरूनच पाहावी. मोजणी दिवाळीनंतर ठेवावी, पावसाळ्यात भिंती भिजलेल्या असताना मुलांना आत नेऊ नये. पक्क्या आराखड्याची एक प्रत त्या घरच्यांना द्यावी आणि एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.