ओव्हन तापत नाही? आधी व्होल्टेज मोजा

प्रश्न : आमचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २००० वॅटचा आहे. दुपारी नानकटाई छान होते. संध्याकाळी मात्र २०० अंशांपर्यंत जायला अर्धा तास लागतो आणि नानकटाई ट्रेवर पसरते. स्टॅबिलायझर घ्यावा का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : इतक्यात घेऊ नका. चुकीच्या जागी लावलेला स्टॅबिलायझर दोष झाकतो आणि धोका वाढवतो.

व्होल्टेज पडलं की ओव्हनच्या तापणाऱ्या रॉडमधून करंटही कमी जातो, म्हणून उष्णता दुहेरी घटते. २३०च्या जागी १८० व्होल्ट आले तर व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी होतं, पण उष्णता ३९ टक्क्यांनी. तुमचा २००० वॅटचा ओव्हन तेव्हा १२२५ वॅटचा उरतो. थर्मोस्टॅट फक्त तापमान ओळखतो, त्यामुळे तो रॉड चालूच ठेवतो आणि आतली उष्णता तरीही चढत नाही. टायमर तर नुसती मिनिटं मोजतो. नानकटाईच्या कडा धरण्याआधीच तूप वितळलं की ती बसणारच. एक दिलासा असा, की कमी व्होल्टेजने रॉड जळत नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं तसं नसतं, त्याला कमी व्होल्टेज खरोखर मारक आहे.

आता मोजायचं कसं? हे काम वायरमनकडूनच करून घ्या. मल्टिमीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून संध्याकाळी चार रीडिंग घ्यायची : मेन बोर्डावर आणि ओव्हनच्या सॉकेटच्या लाइनवर, आधी ओव्हन बंद असताना, मग पूर्ण चालू असताना. नुसत्या बंद ओव्हनवरचं रीडिंग फसवं असतं. सैल जोडातूनही मीटरपुरतं व्होल्टेज पोचतं. करंट वाहायला लागला की ते कोसळतं.

समजा ओव्हन चालू असताना मेन बोर्डावर २२२ आणि सॉकेटला २०५ आहेत. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १५ मीटर वायरमध्ये दोन-अडीच व्होल्टच पडायला हवेत. उरलेले १४-१५ व्होल्ट एखाद्या जोडात जातायत, म्हणजे तिथे १०० वॅटहून जास्त उष्णता निघते आहे, तीही एका स्क्रूभोवती! मेन बंद करून सॉकेट उघडलं की ते दिसतं : पितळी टर्मिनल काळवंडलेलं, वायरचं प्लास्टिक कडक होऊन चिरलेलं, प्लगच्या पिनेवर तपकिरी डाग. असं सॉकेट घासूनपुसून परत वापरू नका. १६ अँपिअरचं नवं बसवा, वायरचं जळकं टोक कापून ताज्या तांब्यावर जोड करा. प्लग काळा पडला असेल तर तोही बदला. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन चालवत असाल तर तो आजच काढा.

ओव्हन लावताच मेन बोर्डावरच व्होल्टेज पडत असेल तर दोष वीजमीटर, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर किंवा खांबावरच्या जोडात आहे. काही दिवे मंद आणि काही भगभगीत झाले तर न्यूट्रल (करंटच्या परतीची वायर) सैल आहे असं समजा. तेव्हा लगेच मेन बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. अशा वेळी व्होल्टेज ३००च्याही वर जाऊ शकतं.

ओव्हन बंद असतानाही संध्याकाळी १८०च असतील तर लाइनच कमजोर आहे, बहुधा डीपीवर, म्हणजे तुमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार जास्त आहे किंवा तुमचं घर लाइनच्या शेवटाला आहे. २३० व्होल्टला अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४, ही मर्यादा आहे. आठवडाभराची रीडिंग तारीख-वेळेसह लिहून तक्रारीला जोडा. स्टॅबिलायझरचा विचार करायचा तो याच परिस्थितीत, आणि २००० वॅटला शक्यतो ४ केव्हीए क्षमतेचा घ्या. टीव्हीचा चालणार नाही. हेही ध्यानात ठेवा, की १८० व्होल्टवर जो ओव्हन ७ अँपिअर घेत होता, तो स्टॅबिलायझरमार्फत ११हून जास्त खेचेल. वायरिंग तेवढं दणकट हवं.

तोवर भाजणं दुपारी उरका. आत ओव्हन थर्मामीटर ठेवा, तो २०० दाखवेपर्यंत ट्रे घालू नका, आणि एका वेळी एकच ट्रे लावा.

प्रश्न : व्होल्टेज २२८ आहे, तरी केक वरून कच्चाच राहतो. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : वरचा रॉड गेला असावा. प्लग काढून ओव्हन गार होऊ द्या. थर्मोस्टॅट पूर्ण वर, नॉब दोन्ही रॉडवर आणि टायमर चालू ठेवून प्लगच्या जाड पिनेवर नव्हे, तर फेज आणि न्यूट्रलच्या दोन बारीक पिनांमध्ये ओहम, म्हणजे रोध, मोजा. ५२,९०० भागिले वॅट, हे अपेक्षित उत्तर. १६०० वॅटला ३३च्या आसपास, गार असताना थोडं कमी. दुप्पट आकडा आला तर निम्मे रॉड बंद आहेत. मग रॉडचं टोक, सिलेक्टर नॉबचे संपर्क, या क्रमाने दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. कुठल्याही बारीक पिनेपासून अर्थच्या जाड पिनेपर्यंत काही ओहमच दिसत असतील तर ओव्हन वापरूच नका, बॉडीला करंट येतोय.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला जाताना इथला ओटीजी नेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नेऊ नका. तिथल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात, म्हणजे १६०० वॅटचा ओव्हन तिथे सुमारे ४३५ वॅट देईल. पाव गरम होईल, केक होणार नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर जड येतो आणि १५ अँपिअरचं सॉकेट इतका भार फार वेळ पेलत नाही. तिथेच १२० व्होल्टचा घ्या.