बसच्या रांगेतलं प्रेम

प्रश्न : ‘छोटी सी बात’ परवा पाहिला. मुलीशी दोन शब्द बोलायला एवढं घाबरणारा नायक आजच्या पोरांना पटेल? — एक वाचक, देवगड

उत्तर : न पटायला काय झालं! मालवणहून मुंबईला नोकरीला गेलो, तेव्हा गिरगावात बसच्या रांगेत तीन महिने एकीच्या मागे उभा होतो मी. सुट्ट्या पैशांपुरतंही तोंड उघडलं नाही. आईला कळलं तेव्हा म्हणाली, “मेल्या, तोंडात काय बोंडू कोंबलंस?” बासु चटर्जींनी १९७६ साली हीच रांग पकडली. मूळ कल्पना १९६० च्या एका इंग्रजी चित्रपटाची, पण बसस्टॉप, ऑफिस, जहांगीर कलादालनातलं ‘समोवार’ उपाहारगृह सगळं अस्सल मुंबईचं. (ते समोवार २०१५ साली बंद झालं. तिथला चहा मी प्यायलोय.) अमोल पालेकरांचा अरुण मनात शूर, विद्या सिन्हा समोर आली की गप्प. वर असरानीचा नागेश स्कूटर घेऊन हजर! माझ्या मते खरा खलनायक ती स्कूटरच.

अरुणला खंडाळ्याला धीटपणाचे धडे देणारा अशोककुमारांचा कर्नल भेटला. मला कशेडी घाटात फक्त बंद पडलेली गाडी भेटली.