‘संपत्ती कर’ की ‘मालमत्ता कर’? आणि अब्जाधीश म्हणजे नेमका कितीचा धनी?

प्रश्न असा आहे : अब्जाधीशांवर कर लावण्याच्या बातम्यांत कधी ‘मालमत्ता कर’, कधी ‘संपत्ती कर’, तर कधी नुसतंच ‘श्रीमंतांवर २ टक्के कर’ असं छापून येतं. हे सगळं एकच का? आणि ‘बिलिअनेअर’ला ‘अब्जाधीश’ हा शब्द तंतोतंत बसतो का?

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकू. बसतो. अब्ज म्हणजे शंभर कोटी, एकावर नऊ शून्यं, आणि बिलिअनही तेवढंच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या यादीत कोटीनंतर अर्बुद (दहा कोटी), अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू असा दहापटीचा क्रम आहे. त्यातलं अब्ज तेवढं मराठीत रुळलं. ट्रिलिअनला महापद्म हा शब्द तयार आहे, पण तो लिहिला तर वाचणारा अडखळेल. तिथे ‘लाख कोटी’च बरं. संधी मात्र सांभाळावा : अब्ज + अधीश = अब्जाधीश, पण कोटि + अधीश = कोट्यधीश. सर्रास दिसणारं ‘कोट्याधीश’ चूक आहे.

गोम चलनात आहे. शंभर कोटी रुपयांचा धनी शब्दार्थाने अब्जाधीशच, पण जागतिक कराच्या चर्चेतला अब्जाधीश डॉलरमधला असतो. पहिल्या उल्लेखात ‘डॉलर-अब्जाधीश’ लिहिलं की गैरसमज टळतो. ‘गर्भश्रीमंत’ हा पर्याय तर वापरूच नये. गर्भश्रीमंत म्हणजे जन्मापासून श्रीमंत. ‘फार श्रीमंत’ असा त्याचा अर्थ नाही. स्वतः कंपनी उभारून अब्जावधी कमावलेल्याला तो लागू पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘मालमत्ता’ हा जोडशब्द आहे, दोन्ही अंगं मूळची अरबी आणि दोन्हींचा अर्थ जवळपास एकच : चीजवस्तू. तेव्हा निव्वळ शब्दार्थ पाहिला तर अब्जाधीशाच्या शेअरांनाही मालमत्ता म्हणायला हरकत नाही. पण ‘मालमत्ता कर’ हा शब्द आधीच कामाला जुंपलेला आहे. महापालिका घर-दुकानावर आकारते तो, म्हणजेच बोलण्यातली घरपट्टी. तो कर वस्तूवर बसतो. घर कर्जात गळ्यापर्यंत बुडालेलं असलं तरी पट्टी पूर्ण भरावी लागते. संपत्ती कर माणसावर बसतो आणि निव्वळ संपत्तीवर बसतो : शेअर, रोखे, जमीन, सोनं, सगळं मिळून जी मत्ता होईल तिच्यातून देणी वजा करायची आणि उरेल त्यावर कर. फरक एवढा मोठा असताना दोन्हींना एकच नाव देणं म्हणजे वाचकाला आडरानात सोडणं.

हा गोंधळ वाढायला कायद्यांचाही हातभार लागला आहे. भारतात संपत्ती कराचा कायदा १९५७चा (हिंदीत त्याला ‘धन-कर’ म्हणतात). पण १९९३पासून शेअर, रोखे वगैरे उत्पादक मत्ता त्यातून वगळल्या गेल्या. उरलं काय, तर जादाची घरं, शहरी जमीन, मोटारी, दागिने, ठरावीक मर्यादेवरची रोकड. शेवटी शेवटी ३० लाखांवरच्या रकमेला १ टक्का असा दर होता आणि २०१३-१४मध्ये अख्ख्या देशातून १,००८ कोटी रुपये जमले. नाव संपत्ती कर, पण अब्जाधीशाची खरी संपत्ती ज्या शेअरांत असते तेच बाहेर. फ्रान्सने निदान नाव तरी बदललं. २०१८मध्ये तिथला सर्व संपत्तीवरचा कर गेला आणि फक्त स्थावरावरचा आला. मराठीत या दुसऱ्याला ‘स्थावर संपत्ती कर’च म्हणावं; दोन्हींना ‘संपत्ती कर’ म्हटलं की मग काय बदललं तेच कळत नाही.

आता ‘२ टक्के’. टक्के कशाचे, हे न सांगता टक्के लिहूच नयेत. भारतात २०१५च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द करून त्याऐवजी एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांचा अधिभार २ टक्क्यांनी वाढवला. अधिभार म्हणजे करावरचा कर. उत्पन्नाच्या ३० टक्के कर भरणाऱ्याला हे २ टक्के उत्पन्नाच्या हिशेबात ०.६ टक्के पडतात. उलट २०२४मध्ये ब्राझील जी-२०चं अध्यक्ष असताना गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञाने मांडलेले २ टक्के संपत्तीचे आहेत, आणि तेही ‘किमान’. जगातले सुमारे ३,००० डॉलर-अब्जाधीश त्यात येतात आणि त्याच्या अंदाजाने वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर जमतील.

‘किमान’ हा शब्द गाळला की अर्थ पालटतो. समजा निव्वळ संपत्ती १,००० कोटी, सगळी शेअरांत. लाभांश अर्धा टक्का, म्हणजे ५ कोटी. त्यावर ४० टक्के दराने प्राप्तिकर २ कोटी. संपत्तीच्या २ टक्के म्हणजे २० कोटी. साध्या संपत्ती करात हे २० कोटी प्राप्तिकराशिवाय वेगळे, एकूण २२. किमान करात भरलेले २ वजा होतात, वर १८ भरायचे. दोन्ही तऱ्हांत कर वर्षाच्या मिळकतीहून मोठा. शेअर विकावे लागतील किंवा कर्ज काढावं लागेल, हा विरोधकांचा आक्षेप इथूनच निघतो.

समर्थकांचं उत्तर मात्र ‘प्राप्तिकर’ या शब्दातच दडलेलं आहे. ‘आयकर’पेक्षा हा जुना मराठी शब्द मला इथे जास्त नेमका वाटतो. प्राप्त झालं त्यावर कर. शेअर दुप्पट झाले पण विकले नाहीत, तर प्राप्ती नाही, नफा कागदावरच. ते तारण ठेवून कर्ज उचललं, तर कर्ज ही प्राप्ती नव्हे. राहणीमान अब्जाधीशाचं, करपात्र उत्पन्न नाममात्र. म्हणून प्रवाहाऐवजी (वर्षाच्या मिळकतीऐवजी) साठ्यावर (जमलेल्या संपत्तीवर) कर, असा हा युक्तिवाद.

साठ्याची अडचण मोजण्यात. बाजारात नोंदलेल्या शेअरचा भाव रोज कळतो. खासगी कंपनीचा किंवा चित्रांचा कोण ठरवणार? जर्मनीतल्या संपत्ती करात १९९५मध्ये घटनात्मक न्यायालयाने बोट ठेवलं ते यावरच : स्थावराचं मूल्यांकन अनेक दशकं जुन्या दरांनी आणि बाकी मत्तेचं चालू भावाने, ही असमानता. १९९७पासून तिथे हा कर आकारलाच जात नाही.

राहिलं लेखन. प्राप्तिकर जोडून लिहितो, त्यात ‘प्ति’ ऱ्हस्व. समासातलं पूर्वपद ऱ्हस्व राहतं, त्या न्यायाने ‘संपत्तिकर’ हे शुद्ध रूप. तोडून लिहिलं तर ‘संपत्ती कर’, ‘त्ती’ दीर्घ. वृत्तपत्रांत तोडूनच दिसतं, म्हणून इथेही तसंच लिहिलं आहे. ‘संपत्तीकर’ हे मात्र दोन्हीकडून चूक.